दुपारचं पान

माझा स्वभाव तापट आहे हे मला कुणी सांगायची गरज नाही. चोवीस वर्षं महापालिकेच्या एकाच शाळेत शिपाई म्हणून काढली. त्यात सात मुख्याध्यापक आले नि गेले, पण गेटची किल्ली माझ्याच कमरेला राहिली. पोरं मला घाबरतात, पोरांचे बाप घाबरतात, आणि खरं सांगायचं तर दोन-तीन सरसुद्धा जरा दबूनच असतात. म्हणून सांगते, यंदाच्या उन्हाळ्यात जे झालं त्यात चूक माझी होती. हे मीच सांगितलेलं बरं. दुसऱ्या कुणी सांगितलं तर मी त्याच्या अंगावर धावून जाईन.

आमची शाळा सोलापूरच्या पूर्वभागात. एका अंगाला यंत्रमागांची खडखड, दुसऱ्या अंगाला विडी वळणाऱ्या बायकांची घरं. घरं म्हणजे काय हो, चार भिंती आणि वर पत्रा. सोलापूरकराला ऊन नवं नाही, पण आताचं ऊन वेगळंच आहे. होळीच्या आधी येतं आणि जायचं नावच घेत नाही. पूर्वी चव्वेचाळीस झालं की पेपरात यायचं, आता त्याचं कुणाला काही वाटत नाही.

फेब्रुवारीत महापालिकेतून हृषीकेश सर आले. वय असेल अठ्ठावीस, पाठीला लॅपटॉपची बॅग, बोलणं एकदम मऊ. शहराचा उष्णतेचा आराखडा झालाय म्हणाले, आणि या वॉर्डात एक थंडावा केंद्र करायचंय. त्यांनी आमचा हॉल पसंत केला. शाळा उन्हाळ्यात सकाळची, साडेअकराला सुटते, मग हॉल रिकामाच. बघता बघता स्लॅबवर पांढरा रंग लागला, खिडक्यांना वाळ्याचे पडदे आले, दोन मोठे कूलर, चार माठ आणि आडवं पडायला सहा पलंग. बारा ते चार कुणीही यावं, बसावं, पाणी प्यावं. दारात एक रजिस्टर ठेवलं.

"मालतीबाई, तीस एप्रिलला आढावा आहे," सर म्हणाले. "तोवर रोज तीस माणसं यायला लागली पाहिजेत. नाहीतर कूलर दुसऱ्या वॉर्डात जातील."

"तीस कशाला, तीनशे येतील की! तुम्ही बघाच," मी म्हटलं.

एक एप्रिलला बारा वाजता मी गेट उघडलं, तर समोरून पाच बायका आल्या. सगळ्यांच्या कमरेवर सूप. सुपात तेंदूची पानं, तंबाखूचा डबा, कात्री, दोऱ्याचं रीळ. सगळ्यांच्या पुढं लालबी.

लालबी माझी शेजारीण. तिची नि माझी भिंत एक आहे. माझ्या घरावर स्लॅब आणि खिडकीत कूलर, तिच्या घरावर पत्रा, एवढाच काय तो फरक. तिची अम्मी आणि माझी आई एकाच ओट्यावर विड्या वळायच्या. सातव्या वर्षी आम्ही दोघी मांडीला मांडी लावून पान कापायला शिकलो. मी पुढं दहावी झाले, नोकरीला लागले, आणि त्या दिवसापासून पानाला हात लावला नाही. माझ्या आईचा खोकला मी ऐकलाय. तंबाखूचा वाससुद्धा नको असं झालं होतं मला. लालबी मात्र वळतच राहिली. नवरा गेला, मुलगी शाइस्ता लग्न होऊन दुधनीला गेली, आता घरात ती आणि तिचं सूप.

तर या पाचजणी गेटातून आत शिरणार, एवढ्यात मी हात आडवा घातला. गेटवर पाटी आहे, 'तंबाखूमुक्त शाळा'. ती मी स्वतः रंगवलेली. त्याचं प्रमाणपत्र ऑफिसात लावलंय, त्यावर माझं नाव आहे.

"सूप बाहेर ठेवायचं, मग आत यायचं," मी म्हटलं.

"सूप भाईर ठेवून आत काय करू गे?" लालबी म्हणाली. "तुझं तोंड बघत बसू?"

"पाणी पी, पड जरा पलंगावर."

"भर दुपारी पलंगावर? मी काय बाळंतीण हाय?"

बाकीच्या खदाखदा हसल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम, शाळेत तंबाखूची चिमूट येणार नाही. लालबीनं माझ्याकडं एकदा बघितलं, सूप कमरेवर नीट घेतलं आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे, नियम तुझ्याजवळ ठेव." पाचही जणी त्या उन्हात परत गेल्या. मी मान ताठ करून गेटाशी उभी राहिले. आपण काहीतरी मोठं काम केलं असंच मला तेव्हा वाटलं.

पुढचे अठरा दिवस रजिस्टरात रोज चार नावं. बंद पडलेल्या गिरणीतले चन्नप्पा आणि त्यांचे तीन दोस्त. बाराला यायचे, कूलरसमोरचा पलंग धरायचे, चारपर्यंत पत्ते कुटायचे. एकदा पोस्टमन पाणी प्यायला आला, तर हृषीकेश सरांनी त्याचीही सही घेतली. बिचारे रोज संध्याकाळी रजिस्टर उघडायचे आणि मिटायचे.

एकोणीस तारखेला मी सव्वाचारला घरी आले. चहा टाकताना भिंतीपलीकडं आवाज द्यायचा ही माझी सवय. "लाले, दोन कप करू का?" तिकडून लगेच काहीतरी टोमणा यायचा. त्या दिवशी आला नाही. मी परत हाक मारली. मग पातेलं तसंच ठेवून तिकडं गेले. दार उघडं, पंखा चालू, आणि लालबी सुपावर पालथी पडलेली. तोंड लालभडक, अंग तापलेल्या तव्यासारखं, आणि घामाचा थेंब नाही.

माझ्यात एवढी ताकद कुठून आली मला माहीत नाही. काखेत हात घालून तिला फरफटत माझ्या खोलीत आणलं, कूलर लावला, माझी साडी बादलीत बुडवून तिच्या अंगावर टाकली. गल्लीतल्या मकदूमभाईंनी रिक्षा आणली. दवाखान्यात चार दिवस काढले. तिसऱ्या दिवशी ती मला ओळखायला लागली, तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

सोडताना डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बारा ते चार त्यांना पत्र्याखाली बसू देऊ नका. या वेळी वेळेवर आणलंत. परत असं झालं तर आणेपर्यंत उशीर झालेला असेल." शाइस्ता दुधनीहून आली होती, "अम्मी, माझ्याकडं चल" म्हणून रडली. लालबी म्हणाली, "तितं जाऊन काय करू? हितं माझं काम हाय." पोरीचं लेकरू लहान, तिला परत जावं लागलं. जाताना माझे हात धरून म्हणाली, "मावशी, आता तुमीच."

आणि चोवीस तारखेला दुपारी एक वाजता ही बया परत पत्र्याखाली बसलेली. मी शाळेतून मुद्दाम बघायला आले होते.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? डॉक्टर काय म्हणाले?"

"डॉक्टर येऊन माझ्या विड्या वळणार हाय का?" तिचा आवाज अजून बारीकच होता. "दिवसाचं काम दिवसा व्हायला पायजे. सकाळी कारखान्यात माल द्यायचा असतो."

"मग माझ्या घरात बस."

"तुझ्या घरात तंबाखू चालत नाही, माहितेय मला. तू नाक दाबून बसशील."

"तर मग शाळेत चल!"

"तूच नक्को बोललीस की," लालबी म्हणाली. रागानं नाही, अगदी साधं म्हणाली, आणि परत विडीचं तोंड मुडपायला लागली.

मला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. मी शाळेत परत आले आणि तशीच मुख्याध्यापिकांच्या खोलीत शिरले. देवयानी मॅडम कडक आहेत, पण ऐकून घेतात. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मालतीबाई, शाळेच्या आवारात तंबाखू आणायला कायद्यानं बंदी आहे. मी नाही परवानगी देऊ शकत. आणि ते प्रमाणपत्र फ्रेम करून कुणी लावलंय?" त्यांचं बरोबरच होतं. लहान पोरांच्या शाळेत तंबाखू नकोच, हे माझंही मत होतं आणि अजून आहे.

हॉलऐवजी दुसरी जागा मिळते का म्हणून हृषीकेश सरांनी दोन ठिकाणी विचारून बघितलं. लग्नसराई होती, एकही मंगल कार्यालय मोकळं नव्हतं. तीस तारखेला सहा दिवस उरले होते. कूलर गेले असते तर प्रश्नच मिटला असता, आणि लालबी त्या पत्र्याखालीच राहिली असती. मला रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला चहा घेऊन तिच्याकडं गेले. म्हटलं, ही उठली आहे का बघावं. उठली होती. दारात बसून पान कापत होती. भिजवलेलं पान डाव्या हातात, त्यावर पत्र्याचा फर्मा, आणि भोवतीनं कात्री. कर्र, कर्र. मी चहा ठेवला, शेजारी बसले. आणि बसल्या बसल्या माझ्या ध्यानात आलं की सुपात तंबाखूचा डबाच नाही.

"तंबाखू कुठं आहे?"

"आत. पान कापताना तंबाखू कशाला लागतो? विसरलीस?"

काय सांगू तुम्हाला! सातव्या वर्षापासून मला हे माहीत होतं. आधी पान भिजवायचं, मग कापायचं, ओल्या फडक्यात बांधून ठेवायचं, आणि तंबाखू लागतो तो थेट वळताना. पण विडी म्हटलं की तंबाखू, एवढंच डोक्यात घट्ट बसलेलं. चोवीस दिवस मी एका झाडाच्या पानाला गेटाबाहेर ठेवलं होतं.

"लाले," मी म्हटलं, "तू हे उलटं कर. पहाटे आणि उतरत्या उन्हाला घरी वळ. बारा ते चार शाळेत येऊन पुढच्या दिवसाचं पान काप."

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू ऊन मलाच लागलंय. "दुपारचं पान? दुपारी कुणी पान कापतं का? उन्हाच्या वेळी कापलेलं पान सकाळपर्यंत तडकतं. वळायला घेतलं की चिरतं. सगळा माल बाद करतील."

"तडकतं ते पत्र्याखाली. हॉलमध्ये गारवा आहे."

"तू शिकवू नक्को मला. चाळीस वर्षं हेच करते."

"बरं, तू येऊ नकोस. एक पुडा दे. मी कापते."

"तू?" ती एवढी हसली की खोकला आला. "तुझ्या हातानं? दे गे माझा चहा, गप्प बस." पण मी निघताना तिनं भिजवलेला एक पुडा माझ्या हातात कोंबला, वर फर्मा नि कात्री.

त्या दुपारी मी हॉलच्या मध्यभागी फरशीवर बसले आणि चोवीस वर्षांनी पानाला हात लावला. बोटांना अजून आठवत होतं, पण डोळ्यांना दिसत नव्हतं. चन्नप्पा पत्ते सोडून बघायला आले. "मालतीबाई, सरकारी नोकरी सोडली का काय?" मी म्हटलं, "तुम्ही आधी तुमची राणी सांभाळा." अडीच तासांत पुडा संपवला. पान गार राहावं म्हणून ओळीनं कूलरच्या अगदी समोर पसरून ठेवलं, आणि संध्याकाळी मोठ्या ऐटीत लालबीला नेऊन दिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला भिंतीपलीकडून असा काही आवाज आला की गल्लीतली कुत्री उठली.

"मालती! अगं ये मालती! माझ्या पानाचं वाटोळं केलंस!"

अर्धी पानं कडेनं वळली होती, बाकीची हातात घेतली की तडकत होती. ती मला मोजून दाखवायला लागली. मी म्हटलं, मी सांगितलं तसं गारच ठेवलं होतं. ती म्हणाली, शक्यच नाही. मी म्हटलं, येऊन बघ. तिनं पदर खोचला. "येतेच! बारा वाजता येते. बघते तू काय करतीस ते."

आणि आली. कमरेवर सूप नव्हतं, डोक्यावर ओला टॉवेल, हातात पानांचा पुडा. गेटापाशी मी बाजूला झाले. हॉलमध्ये आली, इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाली, "कुठं ठेवलं होतंस?" मी कूलरसमोरची जागा दाखवली.

"अगं येडी!" तिनं कपाळावर हात मारून घेतला. "वाऱ्यात? पान काय पापड हाय का वाळवायला? त्याला गारवा लागतो, वारा नाही!"

मग तिनं सूत्रं हातात घेतली. एक कूलर भिंतीकडं वळवला. माठांच्या मागचा सावलीतला कोपरा निवडला, मला गोणपाट भिजवून आणायला लावलं, त्यावर चादर, चादरीत कापलेलं पान, वरून परत ओलं गोणपाट. "तुझी पानं बी बघू," म्हणून माझ्या हातातून कात्री काढून घेतली आणि मांडी घालून बसली. कर्र, कर्र. बोलता बोलता दोन वाजले, तीन वाजले. मधे ती तीन तांबे पाणी प्याली. मी बघत होते, बाहेर चव्वेचाळीस होतं आणि ती माझ्यासमोर बसून माझ्या कापण्याला नावं ठेवत होती. चारला तिनं उर्दूत सही केली. रजिस्टरातलं त्या दिवसाचं पाचवं नाव.

सत्तावीसला पहाटे मी भिंतीला कान लावूनच बसले होते. मग लालबीचा आवाज आला, हळू, जरा नाराजच.

"मालती. लोण्यासारखं पान हाय गे."

त्या सकाळी ती माल द्यायला कारखान्यात गेली, ती मूठभर कापलेलं पान घेऊन. रांगेत नरसम्मा होती, आमच्या भागातली सगळ्यात जुनी कारागीर. वय सत्तरीपुढचं, घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि तिनं पान चांगलं म्हटलं तर ते चांगलं. तिनं एक पान कानाजवळ नेऊन बोटांत चोळलं. आवाज आला नाही. परत चोळलं. "अय्यो, हे काल दुपारी कापलं? खोटं सांगते तू." लालबी म्हणाली, "शाळेत येऊन बघ की."

त्या दुपारी अकराजणी आल्या. दुसऱ्या दिवशी सत्तावीस. गंमत बघा, इतके दिवस रिक्षावरून कर्णा फिरत होता, उष्माघात टाळा, जीव वाचवा. स्वतःच्या जिवासाठी एकही बाई आली नाही. पान तडकू नये म्हणून सगळ्या आल्या. हृषीकेश सर दारात उभे राहून हे बघत होते. त्यांनी लालबीला विचारलं, अजून काय हवंय? ती म्हणाली, "ते पलंग काढा आधी. बसायला जागा कुठाय?" सरांनी दुसऱ्या दिवशी सहाही पलंग हलवले. वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि म्हणाले, "हे आम्ही आधीच विचारायला हवं होतं."

मी म्हटलं, "सर, तुम्हाला कोण सांगणार? मला माहीत असून मी नाही सांगितलं."

देवयानी मॅडमनी एक अट घातली. सूप आणायचं नाही, कारण सुपांना वर्षानुवर्षांच्या तंबाखूचा वास. घरातली स्वच्छ परात किंवा ताट आणायचं, आणि मी गेटावर बघून आत सोडायचं. "एक कण जरी दिसला, तरी मी हॉल बंद करीन," असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं.

एकोणतीसला, आढाव्याच्या आदल्या दिवशी, तो कण दिसला. तीन वाजता मॅडम फेरी मारायला आल्या, खाली वाकल्या आणि भिंतीकडेचा तंबाखूचा चुरा चिमटीत धरून उभ्या राहिल्या. कात्र्या थांबल्या.

"मालतीबाई, हे काय आहे?"

लालबी उठलीच. पान चादरीत बांधायला लागली. तिचं तोंड लाल झालं होतं. "चला गे," ती बायकांना म्हणाली. "चोर ठरायच्या आत निघू. पत्र्याखाली बरे आपण."

ही आत्ता बाहेर पडली तर परत येणार नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं. मी मॅडमच्या हातातली चिमूट घेतली, नाकाशी नेली. विडीचा तंबाखू माझ्या ओळखीचा आहे, त्याच्या वासातच मी वाढले. हा तो नव्हता. बोटानं चोळलं तर बोट पांढरं झालं.

"मॅडम, विडीच्या तंबाखूला चुना लावतात का?" मी विचारलं. "याला चुना लागलाय. हा मळलेला आहे. खायचा."

सगळ्यांच्या माना हळूहळू पलंगाऐवजी आता सतरंजीवर बसलेल्या पत्तेवाल्यांकडं वळल्या. चन्नप्पा छताकडं बघत होते. नरसम्मा मोठ्यांदा म्हणाली, "महिना झाला, हे आत बसून खातात. आम्हाला मात्र गेटावर हात आडवा!"

"एकच चिमूट होती," चन्नप्पा पुटपुटले.

खरं सांगते, मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. चार पुरुष रोज खिशात चंची घेऊन माझ्यासमोरून आत गेले, मी त्यांना कधी विचारलं नाही. सूप दिसलं, खिसा दिसला नाही. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "चूक माझी. लालबी, बस खाली. बायांनो, माझं चुकलं." आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाची तरी अशी माफी मागितली असेल. चन्नप्पांची चंची काढून घेतली, आणि तेव्हापासून चौघांचेही खिसे मी रोज गेटावर रिकामे करून घेते. मॅडमनी चुरा कागदात गुंडाळून टोपलीत टाकला. जाताना हसू दाबत म्हणाल्या, "उद्या तेवढे आकडे नीट लिहा."

तीस तारखेला सेहेचाळीस सह्या होत्या. कूलर राहिले. आराखड्यात एक ओळ वाढली, केंद्रात माणसाला त्याचं काम घेऊन बसता आलं पाहिजे म्हणून. आता पलीकडच्या वॉर्डातल्या दोन शाळांत हॉल उघडायची बोलणी चालू आहेत, आणि तिथं गोणपाट कसं घालायचं ते दाखवायला लालबीला नेणार आहेत. ती म्हणते, गाडी पाठवली तर येईन.

पण मला सांगायचाय तो चौदा मेचा दिवस. सकाळीच मोबाइलवर मेसेज आले होते, आज पंचेचाळीसच्या वर जाणार, बाहेर पडू नका. बारा वाजता हॉल भरला. साडेबारा झाले, एक वाजला, लालबी नाही. मी नरसम्माचीही जागा बघितली, ती पण रिकामी. फोन लावला, वाजत राहिला, उचलला नाही.

मी किल्ली एका बाईच्या हातात दिली आणि निघाले. छत्री घ्यायचं सुचलं नाही. डांबर चपलेला चिकटत होतं, डोळ्यांपुढं सगळं पांढरं. गल्लीत शिरले तर चिटपाखरू नाही. एकेका दाराला बाहेरून कुलूप, बाया सगळ्या हॉलमध्ये. त्या गल्लीत भर दुपारी कुलूप मी जन्मात बघितलं नव्हतं. दुसऱ्या कुठल्या दिवशी बघितलं असतं तर आनंदानं नाचले असते. लालबीच्या दारालाही कुलूप. मी दार बडवलं, खिडकीतून आत बघितलं, आत कुणी नाही. मग ही गेली कुठं? वाटेत पडली असेल का? मी प्रत्येक ओट्याच्या सावलीत वाकून बघत सुटले. तोंडानं काय बोलत होते मला आठवत नाही, बहुतेक तिला शिव्याच देत होते.

वळणावर मकदूमभाईंची रिक्षा आली. आत लालबी, तिच्या खांद्यावर डोकं टाकून नरसम्मा. नरसम्माच्या डोक्यावर ओलं गोणपाट, आणि लालबी हातातल्या बाटलीनं तिच्या मानेवर पाणी शिंपडत होती. सकाळी नरसम्मा कारखान्यात आली नाही म्हणून ही तिच्या घरी गेली होती. म्हातारी चक्कर येऊन न्हाणीत बसली होती. हिनं तिला भिजवलं, पाणी पाजलं, दवाखान्यात दाखवलं आणि आता शाळेत घेऊन निघाली होती.

रिक्षा थांबली. मी दांडा धरून तशीच उभी राहिले, धाप लागलेली.

"मेलीस असं वाटलं मला," मी म्हटलं, आणि भर रस्त्यात मला रडू फुटलं.

"मरायला टाइम कुठाय," लालबी म्हणाली. "सरक, आत बस, आणि हिचे पाय मांडीवर घे."